सहा काडतुसांची वही

खंडेनवमीच्या सकाळी जालन्याच्या मोंढ्यात आधी तराजूला हार पडतो, मग व्यवहाराचं बोलणं सुरू होतं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये यंत्रांवर कुंकवाची बोटं उमटतात, ट्रॅक्टरपुढे नारळ फुटतात, रिक्षांच्या आरशांना झेंडू लटकतो. आमच्या शेजारी आडतीचा व्यवसाय करणारे एक काका राहतात. त्यांच्या देवघरापुढे त्या दिवशी पाट मांडला जातो. पाटावर तांबडं फडकं, फडक्यावर जमाखर्चाची वही, विळा, कोयता, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक काळं रिव्हॉल्व्हर.

ते पाटावर येण्याआधी काय होतं, ते मी लहानपणापासून बघत आले आहे. काका नळी भिंतीकडे करतात, चक्री बाहेर काढतात आणि एकेक काडतूस काकूंच्या ताम्हणात टाकतात. काकू मोठ्याने मोजतात. सहा झाली की म्हणतात, "सहा. आहेत हो." मग काका रिकामी चक्री उजेडाकडे धरतात आणि घरातल्या प्रत्येकाला तिची सहा भोकं आरपार दाखवतात. कुंकू लागतं ते फक्त लाकडी मुठीला. लोखंडाला कुंकू लावलं की ओल धरते आणि गंज चढतो, असं काका सांगतात.

यंदा माझा भाचा तिथे होता. त्याचा बियाण्यांचा व्यवसाय आहे, वसुलीसाठी परतूर, मंठा, घनसावंगी असं फिरावं लागतं, परतायला रात्र होते. त्याला परवाना काढायचा आहे. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याने माझ्यामागे एकच धोशा लावला होता: "मावशी, कोणतं घेऊ? नाइन एमएम बरं की पॉइंट फोर्टी फाइव्ह?" मी त्याला काकांसमोर बसवलं. काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, तुला जे पाहिजे ते मिळत नसतं. मिळतं ते बत्तीस. आणि खरा विचार बत्तीस हातात आल्यावर सुरू होतो."

हा लेख त्या एका वाक्याचा पाठपुरावा आहे.

जे पलटणीचं, ते आपलं नाही

अमेरिकेत माणूस दुकानात जातो आणि दहा-बारा कॅलिबरांमधून आपलं निवडतो. आपल्याकडे ही निवड कायद्याने आधीच केलेली आहे. बोर किंवा कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास; बत्तीस म्हणजे .३२ बोर. भारतात बोरांचे दोन गट आहेत, प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित. व्यापारी त्यांना पीबी आणि एनपीबी म्हणतात. सामान्य नागरिकाला जिल्हाधिकारी परवाना देऊ शकतात तो फक्त दुसऱ्या गटासाठी. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा अधिकार आयुक्तांकडे असतो. पहिल्या गटाचा विषय दिल्लीत केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो.

ही विभागणी गोळीच्या ताकदीवरून झाली असावी, असं बहुतेकांना वाटतं. पण नियमांची भाषा बघितली की वेगळंच दिसतं. जे हत्यार सैन्याचं किंवा पोलिसांचं काडतूस आत घेऊन झाडू शकतं, ते प्रतिबंधित. .३०३ रायफलीचं काडतूस फौजेचं होतं, म्हणून ते बंद. .३८० आणि .४५५ ही फौजेच्या रिव्हॉल्व्हरांची काडतुसं, म्हणून त्या बोरांची रिव्हॉल्व्हरं बंद. नऊ मिलिमीटर हे कार्बाइनचं आणि लष्करी पिस्तुलाचं काडतूस, म्हणून तेही बंद. यामागचं भय जुनं आहे: पलटणीच्या कोठारातून चोरलेलं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये. बत्तीस बोर वाचला, कारण तो कधी फौजेचा झालाच नाही.

या भयाची मुळं आपल्या मातीतही आहेत. भोकरदनच्या परिसरात केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या असई गावच्या रानात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी भिडली. त्या दिवशी इंग्रजी शिपायाच्या खांद्यावर असलेल्या मस्केटची नळी पाऊण इंच व्यासाची होती, म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटर. काकांच्या रिव्हॉल्व्हरची गोळी आठ मिलिमीटरचीही नाही. वेलस्ली जिंकला, पण त्याचे सुमारे सोळाशे लोक ठार किंवा जखमी झाले. पुढे नेपोलियनला हरवणारा हा सेनापती असईलाच आपली रणांगणावरची सर्वोत्तम कामगिरी मानत असे. ज्यांच्याकडे तोफा आणि बंदुका होत्या, त्यांना जिंकणं किती महाग पडतं, हे कंपनी सरकार अशा रणांवर शिकलं. १८५७ नंतर लोकांची हत्यारं गोळा झाली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हिंदी माणसाला गुन्हा ठरलं. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. हिंदी माणूस म्हणून होणारा अपमान गेला, परवान्याची चौकट राहिली. २०१६ मध्ये नवे नियम आले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवण्याची मुभा उरली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. मला ही चौकट योग्य वाटते. तिचा उगम परक्या राजवटीच्या संशयात आहे हे खरं, पण आज ती आपल्या रस्त्यांवरची हत्यारं मोजून ठेवते.

बुडावरची दोन अक्षरं

ताम्हणातलं एक काडतूस मी हातात घेतलं. करंगळीच्या दीड पेराएवढं. पितळी पुंगळी, वर शिशाची गोल नाकाची गोळी, बुडाला कंगोरा. बुडाच्या मधोमध टिकली असते. दिवाळीत पोरं टिकल्यांची बंदूक उडवतात, तोच प्रकार. घोडा टिकलीवर आदळतो, टिकली पेटते, ती आतली दारू पेटवते आणि वायूचा दाब गोळीला नळीतून ढकलतो. टिकलीभोवती अक्षरं कोरलेली होती: के आणि एफ.

एफ म्हणजे फॅक्टरी, के म्हणजे किरकी. इंग्रजांनी खडकीला दिलेलं नाव. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज जिथे हरली, त्याच खडकीत १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तो आजही चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी आणि जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेले. तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. देशात कुठेही बत्तीसचं काडतूस निघालं, की त्याच्या बुडावर बहुधा ही पुण्याची अक्षरं असतात. पोलिसांच्या पंचनाम्यातही ती वाचायला मिळतात.

भाच्याने विचारलं, "म्हणजे बत्तीस म्हटलं की काम झालं?" काकांनी मान हलवली. परवान्यावर बत्तीस एवढंच लिहिलेलं असतं, पण बत्तीस नावाची काडतुसं दोन आहेत. एक रिव्हॉल्व्हरचं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ चं. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त असताना तिथल्या पोलिसांसाठी त्यांनी बत्तीसचंच रिव्हॉल्व्हर निवडलं होतं. दुसरं पिस्तुलाचं, .३२ एसीपी, ज्याला आपल्याकडे ७.६५ म्हणतात. ते जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने १८९९ च्या सुमारास तयार केलं. ब्राउनिंगचं नाव मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुलं पाठवली होती. आणि हे कान्हेरे शिकायला होते ते औरंगाबादला. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला आपला जिल्हा वेगळा झाला.

ही दोन बत्तीस एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला रुंद कंगोरा असतो, त्यावर ते चक्रीत अडकून राहतं. पिस्तुलाचं काडतूस आखूड असतं आणि मॅगझिनमधून वर सरकावं म्हणून त्याचा कंगोरा जवळपास पुंगळीच्या रेषेत ठेवलेला असतो. विक्रेता आधी विचारतो, "रिव्हॉल्व्हरची की पिस्तुलाची?" ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याने काडतूस घेण्याआधी शिकायला जावं.

ताकद किती, आणि ती पुरते का

आता आकडे. रिव्हॉल्व्हरच्या बत्तीसची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास भरते. पिस्तुलाची ७.६५ हलकी, साडेचार ग्रॅमच्या थोडी वर, पण वेग सुमारे २७० मीटर, म्हणून ऊर्जा १७० ज्यूलपर्यंत. लष्करी नऊ मिलिमीटर जवळजवळ ५०० ज्यूल. छोट्या नळीतून सुटलेली .२२ ची गोळी शंभर-सव्वाशे ज्यूल.

भाच्याचं तोंड उतरलं. "म्हणजे नाइन एमएमच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच?" मी त्याला दुसरा हिशेब सांगितला. वेगवान गोलंदाजाने ताशी १४४ किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे १३० ज्यूल ऊर्जा असते. बत्तीसच्या गोळीपेक्षा फार कमी नाही. चेंडू लागला तर माणूस कळवळतो, गोळी लागली तर मरतो. फरक ऊर्जेत नाही. ती ऊर्जा किती छोट्या जागेवर उतरते आणि किती खोल जाते, यात आहे.

अमेरिकी तपास संस्था एफबीआयने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत तिचे दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. हल्लेखोराला लागलेली नऊ मिलिमीटरची एक गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली होती. मग संस्थेने गोळ्या जिलेटिनच्या ठोकळ्यांवर झाडून मोजमापं केली आणि बारा ते अठरा इंच खोल जाणारी गोळी हवी, असा दंडक ठरवला. मोठी कॅलिबरं आली, .४० चा बोलबाला झाला. जवळजवळ तीन दशकांनी हीच संस्था पुन्हा नऊ मिलिमीटरकडे वळली. कारण मोठ्या काडतुसाचा झटका जास्त, आणि झटका जास्त म्हणजे नेम कमी. जी गोळी जागेवर लागते तीच कामाची, हा त्या सगळ्या खर्चाचा निष्कर्ष होता.

बत्तीसकडे या नजरेने बघावं. तिची ताकद मर्यादित आहे, हे लपवू नये. आपल्याकडे परवानाधारकाच्या हाती येते ती गोल नाकाची गोळी. शरीरात शिरून पसरणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती परदेशात चालतात, त्यांच्यावर इथे वेळ घालवू नये. पण बत्तीसचा झटका सौम्य असतो. साठीतला माणूस किंवा लहान चणीची बाई नीट शिकली, तर सहाही गोळ्या एका ताटाएवढ्या जागेत उतरवू शकते. कायद्याने दिलेली ही गोष्ट कमकुवत आहे म्हणून कुढत बसण्यापेक्षा तिचा गुण ओळखून ती वापरायला शिकावं.

घ्यायचं काय

बोर ठरला, तरी हत्यार निवडायचं उरतंच. सरकारी कारखान्याचं बत्तीस रिव्हॉल्व्हर हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरहून निर्भीक आलं. दिल्लीतल्या निर्भयाच्या आठवणीने त्याला ते नाव दिलं होतं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. स्त्रियांना पर्समध्ये नेता यावं हा हेतू सांगितला गेला, पण ती किंमत किती स्त्रियांना परवडणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. निडर हे .२२ चं आणखी हलकं रिव्हॉल्व्हर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रबल आलं, त्याची चक्री बाजूला उघडते. पिस्तूल हवं असेल तर अशनी आहे. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेब्ली अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश नावाचं बत्तीस आता भारतीय भागीदारीत बनतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, त्यामुळे त्याआधीची परदेशी रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं जुन्या बाजारात सोन्याच्या भावाने जातात. ती भावासाठी घेऊ नयेत. सुटे भाग मिळत नाहीत.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, यावर काकांचं मत पक्कं आहे. पिस्तूल चपटं असतं, सदऱ्याखाली दिसत नाही, त्यात गोळ्या जास्त मावतात. पण गोळी अडकली तर ती दोन हातांनी, ठरलेल्या क्रमाने मोकळी करावी लागते आणि घाबरलेल्या हातांना तो क्रम आठवत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये टिकली पेटली नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. जो माणूस वर्षातून दोन-तीनदाच सराव करणार, त्याला रिव्हॉल्व्हर बरं. जो महिन्याला करणार, त्याने पिस्तुलाचा विचार करावा. मला यात भर घालावीशी वाटते ती एवढीच: जो वर्षातून एकदाही करणार नाही, त्याने दोन्ही घेऊ नये.

चामडं, घाम आणि अकरा वर्षं

रोज जवळ बाळगायचं म्हणजे काय, हे जालन्याचा उन्हाळा शिकवतो. मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकतो. कमरेला अर्धा-पाऊण किलोचं लोखंड, त्यावर घाम. नियम सांगतो की सार्वजनिक जागी हत्यार म्यानात, अंगाशी पक्कं आणि पूर्ण झाकलेलं असावं. ते दाखवणं, नाचवणं बंद. म्हणजे त्या उन्हात वरून सैल सदरा किंवा जाकीट आलंच.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. परवाना नवा असताना घेतलेली काडतुसं काका चामडी पट्ट्याच्या घरांत ठेवत. दर खंडेनवमीला हत्यार पुसून तेल देत आणि तीच काडतुसं परत भरत. अकरा वर्षं तीच. एकदा ते परवानगी असलेल्या रेंजवर गेले, मीही बरोबर होते. बारा काडतुसं बरोबर नेली होती. पुंगळ्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, तो काकांनी फडक्याने पुसला. पहिली दोन झाडली गेली. तिसऱ्याला नुसता खट् आवाज झाला. प्रशिक्षकाने लगेच सांगितलं, "नळी समोरच ठेवा, हलू नका." कधी कधी टिकली उशिराही पेट घेते, म्हणून अर्धा मिनिट कुणी हललं नाही. नंतर आणखी दोन काडतुसं तशीच निघाली. बारात तीन.

कारण कळायला वेळ लागला नाही. चामडं कमावताना वापरलेल्या पदार्थांमुळे पितळ हिरवं पडतं. जास्तीचं तेल चक्रीतून झिरपून टिकलीत उतरतं आणि तिला मारून टाकतं. उन्हात तापलेल्या गाडीच्या खणात पडून राहिलेली दारू हळूहळू बिघडते. काडतुसाचा दोष नव्हता, ठेवणीचा होता. काका परतीच्या वाटेवर बदनापूर येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "अकरा वर्षं मी समजत होतो, माझ्याजवळ सहा गोळ्या आहेत. होत्या चार-पाच. कोणत्या, तेही माहीत नव्हतं."

त्या रात्री वही सुरू झाली. मोंढ्यात वापरतात तशीच लाल कापडी पुठ्ठ्याची. रकाने चार: तारीख, आवक, जावक, शिल्लक. विक्रेता परवान्यावर काडतुसांची नोंद करतो, एका वेळी आणि वर्षाला किती घेता येतील तेही तिथेच लिहिलेलं असतं. काकांची वही त्या पलीकडची. कोणती सहा चक्रीत आहेत, कधीपासून आहेत, कोणती कोरड्या डब्यात आहेत, सरावाला कोणती गेली. नियम असा: चक्रीतली सहा काडतुसं वर्षभरच राहतील. दसऱ्यानंतर तीच सरावाला जातील, नवी चक्रीत येतील. त्यामुळे जुनी वाया जात नाहीत आणि जवळ असलेली ताजी असतात. काडतूस चामड्यात ठेवायचं नाही. तेलाचा हात पुसल्याशिवाय टिकलीला लावायचा नाही. दारूगोळा निवडणं म्हणजे मला तरी हेच वाटतं. डब्यावरचं नाव दुय्यम, डब्यावरची तारीख आणि आपली ठेवण मुख्य.

चाप ओढण्याआधीचा कायदा

जालना शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा तिसरा गट आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. गणवेशातला माणूस इथे शिस्तीने नेम धरायला शिकतो. परवानाधारक नागरिकाला मात्र बहुधा स्वतःच सोय शोधावी लागते. २०१६ च्या नियमांनी हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. हे फार चांगलं झालं. पण प्रमाणपत्र एकदाच मिळतं आणि हात वर्षभरात विसरतो.

हात विसरतो, तसा कायदाही विसरला जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत खाजगी बचावाचा हक्क आहे. हा हक्क खरा आहे आणि मोलाचा आहे. त्याला दोन कुंपणं आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी बहुतेक वेळा बचाव ठरत नाही. पैशाची थैली गेली, एवढ्यावरून माणूस मारता येत नाही. मृत्यू किंवा गंभीर इजेची रास्त भीती हवी, किंवा दरोडा, रात्रीची घरफोडी अशी कायद्याने नेमून दिलेली परिस्थिती.

आणि मागे काय आहे, हा प्रश्न कायद्याच्याही आधीचा. नेम चुकलेली गोळी थांबत नाही. वर करून झाडलेली पिस्तुलाची गोळी किलोमीटरभराहून लांब जाऊ शकते. जुना जालना आणि नवा जालना यांच्या मधल्या गर्दीत, कुंडलिकेच्या पुलावर किंवा आठवडी बाजारात, कुठे आहे मोकळी दिशा? काकांनी भाच्याला हेच विचारलं. तो बराच वेळ गप्प होता.

कमरेवरचा मान

या विषयाची एक बाजू दुखरी आहे आणि ती टाळून लिहिणं बरोबर होणार नाही. आपल्या भागात हत्यार पुष्कळदा रक्षणासाठी नसतं, दाखवण्यासाठी असतं. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं महाराष्ट्राला कळलं. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ फिरू लागले. पुढे प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरीही वरातीत बार उडतात आणि बघणारे टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या थांबल्या पाहिजेत.

दुसरीकडे परवान्याच्या वाटेलाच न जाणारे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये जालना शहरात मंठा चौफुलीजवळ भरदिवसा गोळ्या झाडून एका माणसाचा खून झाला. वर्तमानपत्रात आठवड्याला एक तरी बातमी असते, गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं जप्त. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशच्या हद्दीत असलेलं उमर्टी हे गाव अशा कट्ट्यांसाठी पोलिसांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येतं. विनापरवाना हत्याराला आता किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, प्रतिबंधित प्रकारचं असेल तर किमान सात. कट्ट्याची नळी तपासून पारखलेली नसते. ती वापरणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. वीस-बावीस वर्षांची पोरं हे घेऊन मोबाईलवर फोटो टाकतात. त्यांना कॅलिबर माहीत असतं. कलम माहीत नसतं.

काकांच्या वहीत एक पावती चिकटवलेली आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जालन्याचं मतदान १३ मे रोजी झालं. त्याआधी आदेश आल्यावर त्यांनी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं होतं. त्या दिवसांत त्यांनी वसुलीची पद्धत बदलली. रोख आणायची नाही, जमेल तेवढं बँकेतून. अंधार पडायच्या आत परत. एकट्याने जायचं नाही. मी विचारलं, "मग हत्यार परत आल्यावर?" ते म्हणाले, "पद्धत तीच ठेवली. हत्यार शेवटचं, पद्धत आधी."

शिल्लक

पूजा झाल्यावर काकांनी भाच्याच्या मांडीवर वही ठेवली. "आधी हे वाच. मग अर्ज कर."

त्याने पानं उलटली. मी खांद्यावरून बघत होते. काकांचं अक्षर मोडीच्या वळणाचं, आकडे आडतीच्या चोपडीतल्यासारखे एकाखाली एक. आवक, पंचवीस. जावक, सहा, सराव. जावक, तीन, निकामी, ठाण्यात दाखवून जमा. जावक, सहा, सराव. जावक, बारा, सराव, नेम डावीकडे जातो, मूठ सैल धरावी. एका ओळीत नुसतं लिहिलं होतं: आज अंबड रस्त्यावर दोघं आडवे आले, गाडी मागे घेऊन वळवली, हात कमरेला नेला नाही. त्या ओळीपुढे जावकच्या रकान्यात शून्य काढलेलं होतं, ठळक, दोनदा गिरवलेलं.

भाच्याने त्या शून्यावर बोट ठेवलं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी वही परत घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि आजची तारीख घातली. जुनी सहा सरावाच्या डब्यात गेली. नवी सहा त्यांनी ताम्हणात ठेवली आणि ताम्हण काकूंऐवजी भाच्यासमोर धरलं.

त्याने एकेक उचललं, बूड उजेडात धरून अक्षरं वाचली, परत ठेवलं. मग मान वर न करता, हळू आवाजात म्हणाला, "सहा. आहेत हो."